तीन पानं

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सत्तावीस चिठ्ठ्या
आणि समोर मी.
सोसायटीत सगळ्यांना वाटतं,
जन्मभर जकार्डचे पत्ते पंच केलेल्या माणसाचा
आकडा चुकत नाही.

साखर पेठेत रात्रीचे साडेअकरा.
शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते,
टेबलावरचा माझा चष्मा
आपोआप थोडा थोडा कडेला सरकत होता.

पोटनियम चौदा: सभासदाने तिन्ही उमेदवारांना
पसंतीचे क्रम द्यावेत.
पुढे कोरं.
क्रम दिल्यावर त्यांचं करायचं काय
हे लिहिण्याआधी बहुतेक चहा आला असावा.

ढीग लावले.
अकरा जणांचं म्हणणं, आधी मल्लेशम गुर्रम,
मग नागमणी दासरी, शेवटी होटगी.
नऊ जणांचं, शिवलिंगप्पा होटगी, नागमणी, मल्लेशम.
सात जणांचं, नागमणी, होटगी, मल्लेशम.
चौथा ढीग झालाच नाही.
इतकी शिस्त आमच्याकडे बोनसच्या रांगेतही नसते.

पहिल्या पसंत्या मोजल्या. अकरा, नऊ, सात.
मल्लेशम आला.
वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, पाणी प्यालो.

पाणी पिताना दिसलं,
सोळा जणांनी त्याला तळाला टाकलंय.

पान उलटलं.
आता सगळ्यात मागे असेल त्याला उठवायचं
आणि त्याच्या चिठ्ठ्यांवरचं दुसरं नाव वाचायचं.
नागमणी उठली. तिच्या सातही चिठ्ठ्या
होटगीच्या ढिगावर जाऊन बसल्या.
सोळा, अकरा.
होटगी आला. रेघ.

तिसऱ्या पानावर आखाडा काढला,
दोघादोघांच्या कुस्त्या लावल्या.
नागमणी आणि मल्लेशम: सोळा, अकरा.
नागमणी आणि होटगी: अठरा, नऊ.
दोघांच्याही पाठीला माती.
मघाशी जिला मीच सगळ्यांच्या आधी उठवलं
ती कुणाशीच हरत नव्हती.
गुण देऊन पाहिले, पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक.
चौतीस, पंचवीस, बावीस. पुन्हा तीच.
माझी चिठ्ठी अकरांच्या ढिगात होती.
तिथेही ती दुसरी.

विशीत असताना एकदा
पत्त्यांची माळ मी उलटसुलट ओवली होती.
ताणा तोच, बाणा तोच, रंग तेच,
आणि चादरीवर मोर आला
शेपटीतून मान काढून.
मालक सुतावर ओरडला.
सूत काय करणार बे?
पत्ता सांगेल तसं उठतं, पत्ता सांगेल तसं बसतं.

सकाळी सभेत तिन्ही पानं टेबलावर ठेवली.
मल्लेशमला पहिलं पान पटलं.
होटगी म्हणाला, दुसऱ्यात न्याय आहे.
नागमणी अजून आली नव्हती,
तिची पाळी आठला सुटते.
मागून कुणीतरी म्हणालं,
रीत कुठली घ्यायची यावरच मतदान घ्या की,
तीन रीती आहेत, क्रम द्या.
सगळ्यांना पटलं. कागद फाडायलाही घेतले.
तेवढ्यात दस्तगीर नदाफ म्हणाला,
घ्या की. पण ते मोजणार कसं?

फाडणारा हात तसाच राहिला.
पलीकडच्या शेडमध्ये कुणाचा तरी धागा तुटला असणार,
एक माग थांबलेला ऐकू आला.

मग ती आली, केसांत रुई,
हातात रिकामा डबा.
पानांकडे पाहिलं नाही, मला विचारलं,
"माझे पहिले किती?"
"सात."
"सातच?"
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
"घरातच आठ सभासद आहोत आम्ही."

तिचा धाकटा दीर
दाराशी चप्पल शोधू लागला.